प्रोजेस्टेरॉनच्या गोळीने गर्भाशयाचा रक्तप्रवाह वाढतो का?

तुमचा प्रश्न असा: २२व्या आठवड्याच्या डॉप्लरमध्ये (रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत) गर्भाशयाच्या धमन्यांतला अडथळा जास्त आलाय, हा प्रवाह हॉर्मोन्स ठरवतात असं वाचलं, तर प्रोजेस्टेरॉन घेऊन तो वाढेल का?

तसा भरवसा धरू नका. प्रोजेस्टेरॉनचं मुख्य काम गर्भाशयाचा स्नायू शांत ठेवणं हे आहे. धमन्या सैल करतं ते इस्ट्रोजेन. अंडाशय काढलेल्या मेंढीला इस्ट्रॅडायॉल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) टोचलं की दीड-दोन तासांत गर्भाशयाकडचा प्रवाह दहापटीपर्यंत चढतो. सोबत प्रोजेस्टेरॉन दिलं तर ही वाढ उलट कमी भरते.

मग इस्ट्रोजेन घ्यावं का? तेही नको. धमनीच्या आतल्या थराच्या पेशी इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, ते शेजारच्या स्नायूपेशींत सायक्लिक जीएमपी नावाचा संदेशरेणू वाढवतं आणि स्नायू सैल पडतो. गरोदरपणात हे इस्ट्रोजेन मुबलक असतं. त्याचा कच्चा माल आईच्या आणि बाळाच्या अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींतून येतो आणि वार (प्लॅसेंटा) त्याचं इस्ट्रोजेन करते. म्हणजे वाढणारं बाळ स्वतःच्या रक्तपुरवठ्याला स्वतःच हातभार लावत असतं. याशिवाय धमन्या सैल करणारे प्रोस्टासायक्लिन आणि रिलॅक्सिन आहेतच. रक्तदाब चढवणाऱ्या अँजिओटेन्सिनलाही निरोगी गर्भवतीचं शरीर पूर्वीइतकं दाद देत नाही.

एवढं असूनही प्रवाह कमी का पडतो? कारण बहुतेक वेळा हॉर्मोनमध्ये नसतं, नळीच्या घडणीत असतं. वारेखालच्या सर्पिल धमन्या सुरुवातीला बारीक आणि स्नायूंच्या असतात. साधारण २० आठवड्यांपर्यंत वारेच्या पेशी त्यांच्या भिंतीत शिरून तिथला स्नायू काढून टाकतात आणि धमनीचं तोंड नरसाळ्यासारखं पसरट होतं. व्यास दुप्पट झाला तर त्याच दाबाला प्रवाह सैद्धांतिकदृष्ट्या १६ पट होतो, त्यामुळे थोडी रुंदीही फार मोलाची. गर्भ नसताना गर्भाशयाला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास किंवा कमी रक्त मिळतं, दिवस भरत आले की ५०० ते ७५०. ही रचना अर्धवट राहिली तर स्नायू टिकतो, तोंड अरुंद राहतं. वरच्या मोठ्या धमन्या हॉर्मोन्सनी कितीही सैल केल्या तरी खालचं तोंड रुंद होत नाही. डॉप्लरमध्ये दिसणारा वाढलेला पीआय (धमनीतल्या अडथळ्याचा आकडा) आणि प्रवाहाच्या आलेखात टिकून राहिलेली खाच बहुधा हेच सांगतात.

औषधाने हीच साखळी ओढून पाहिली गेली आहे. सिल्डेनाफिल हे औषध तोच सायक्लिक जीएमपी टिकवून धरतं, म्हणून वाढ खुंटलेल्या बाळांच्या आईंना ते देऊन पाहिलं. फायदा दिसला नाही, आणि नेदरलँड्समधली चाचणी २०१८मध्ये थांबवावी लागली, कारण त्या गटातल्या नवजात बाळांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर त्रास जास्त दिसले. तेव्हा अशी कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

आता तुमच्या हातात काय आहे ते. हा रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. पीआय जास्त आलेल्या अनेक गरोदरपणांत पुढे सगळं सुरळीत होतं. पण बीपीचा आजार आणि बाळाची वाढ खुंटण्याची शक्यता वाढते, म्हणून बीपीची नियमित नोंद ठेवा आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी पुढे कधी कधी करायची ते डॉक्टरांकडून आत्ताच ठरवून घ्या. जोखीम असलेल्यांना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करतात, कारण धमन्यांची घडण तेव्हा चालू असते. तुमच्या टप्प्यावर ती द्यायची का, हे डॉक्टरच ठरवतील.

वारेकडचा प्रवाह आईच्या रक्तदाबावर चालतो, त्याला स्वतःची राखीव सोय फारशी नाही. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, त्यामुळे पुढच्या महिन्यांत कुशीवर झोपा, डाव्या किंवा उजव्या. तंबाखू कुठल्याही रूपात नको, निकोटीन धमन्या आवळतं. बीपीची गोळी चालू असेल तर मात्रा स्वतः वाढवू नका, दाब एकदम घसरला तर वारेचंही रक्त घटतं.

बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, डोकं असह्य दुखलं, नजर धूसर झाली, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा जाणवू लागलेली बाळाची हालचाल मंदावली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.