अमेरिकन कथाकार ओ. हेन्रींच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’मध्ये गरिबी आणि त्याग नेमके कुठे दिसतात?

१९०५ सालच्या या कथेत गरिबी आकड्यांतून बोलते. नाताळच्या आदल्या दिवशी डेलाकडे फक्त १ डॉलर ८७ सेंट आहेत, तेही वाणी, भाजीवाला, खाटीक यांच्याशी लाज गिळून घासाघीस करत साठवलेले. तिच्या नवऱ्याचा, जिमचा, आठवड्याचा पगार ३० डॉलरवरून २० वर आलाय आणि त्यातले ८ भाड्यातच जातात. ती २० डॉलरला केस विकून त्याच्या घड्याळाला साखळी घेते, तर तो घड्याळ विकून तिच्या केसांत खोवायच्या फण्या आणतो.

याला नुसता दुर्दैवी योगायोग म्हणणं मला पटत नाही. जिमला हातमोजे नाहीत, ओव्हरकोटही नवा हवाय. तरी हातात पैसे आल्यावर त्याला आठवतात त्या डेलाला दुकानाच्या काचेतून आवडलेल्या फण्याच!