जुनी डीआय पिकअप घाटात दम सोडते, मेकॅनिक म्हणतो पंप-नोजल करा. करू का?

दादा, पंप लगेच खोलू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की 2007 ची डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिनची) पिकअप आहे, सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, चिपळूणहून भरून येताना कुंभार्ली घाटात मध्येच दम सोडते, काळा धूर मारत नाही, फिल्टर बदलला की थोडे दिवस बरी चालते आणि मग परत तेच, आणि मेकॅनिक पंप-नोजल काढून लॅबला पाठवायचे 25 हजार सांगतोय. हे सगळं वाचून मला पंपाचा नाही, पंपाच्या मागच्या रस्त्याचा संशय येतोय. माझ्या स्वतःच्या जुन्या डीआय गाड्या ओतूर-नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो घेऊन जातात, माळशेज रोजचाच, आणि या तक्रारीत पंप सगळ्यात शेवटी बघायचा असतो हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण धडधाकट पंप उगाच खोलला की त्याचं सेटिंग हललं म्हणून वर्षभर रडणारे लोक मी बघितलेत.

आधी रस्ता समजून घ्या. बोलेरो पिकअप घ्या नाहीतर टाटा 207 घ्या, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत थोड्याफार फरकाने सारखंच असतं. टाकीतून सक्शन पाइप, तिथून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप, मग फिल्टर, मग मेन पंप (मेकॅनिक काढायचा म्हणतोय तो हाच), तिथून लोखंडी पाइपने इंजिनात डिझेल फवारणारे नोजल, आणि उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीत. यात फीड पंपाच्या पुढे प्रेशर असतं, तिथे कुठे लीक असलं तर डिझेल बाहेर येतं, ओलं दिसतं, धूळ चिकटते, कोणालाही सापडतं. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, तिथे बारीक चीर असली तर बाहेर थेंबही पडत नाही, उलट हवा आत जाते. चीर पडलेल्या नळीने शहाळं प्यायला बघा, पाणी कमी आणि हवाच जास्त येते, तसंच. म्हणून मेकॅनिक खाली वाकून बघतो, सगळं कोरडं दिसतं, आणि तो म्हणतो लाइन ओके आहे, पंप गेलाय.

आता धुराकडे या. चढाला दम सोडताना काळा धूर आला असता तर डिझेल जास्त किंवा हवा कमी असा अर्थ झाला असता, मग एअर फिल्टर, टर्बोचा होज, नोजल हे बघितलं असतं. तुमची गाडी धूर न मारता नुसती बसते, म्हणजे तिला डिझेलच कमी पडतंय. सकाळी स्टार्टर मारताना एकाला सायलेन्सरपाशी उभं करा. काहीच धूर येत नसेल तर डिझेल इंजिनपर्यंत पोचतच नाहीये. पांढरा धूर येत असेल तर पोचतंय पण जळत नाहीये, तो वेगळा विषय, त्यात नोजल, कॉम्प्रेशन, टायमिंग येतं.

फुकटातल्या गोष्टी आधी उरका. एकाला एक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का बघा, केबल लांबलेली किंवा पेडलखाली मॅट आली तरी गाडी चढाला मरते. इंजिन बंद करायची ओढायची वायर असेल तर ती पूर्ण परत जाते का बघा, अर्धवट अडकली तरी डिझेल कमी सुटतं. आणि टाकीचं झाकण. त्याचं हवेचं भोक चिखलाने बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो, गाडी थोडी चालून मरते, जरा थांबलं की परत चालू होते. पुढच्या वेळी घाटात दम सोडला की थांबून झाकण उघडा, फुस्स आवाज आला की चोर सापडला.

मग दोन गोष्टींवर लक्ष ठेवा, पैसा लागत नाही. एक, रात्री गाडी तोंड उताराकडे करून लावा म्हणजे टाकी इंजिनपेक्षा वर राहील, आणि सकाळी बघा. पटकन स्टार्ट झाली तर रात्रभर डिझेल लाइनमधून मागे टाकीत उतरत होतं हे जवळजवळ नक्की, म्हणजे कुठूनतरी हवा शिरतेय किंवा फीड पंपाचा व्हॉल्व्ह धरत नाही. दुसरं म्हणजे टाकी फुल असताना आणि अर्ध्याखाली असताना फरक पडतो का. फुल टाकीवर ठीक आणि खाली आली की रडते असं असेल तर टाकीच्या आतल्या सक्शन पाइपला वरच्या अंगाला भोक आहे, डिझेल त्या भोकाच्या वर असेपर्यंत काही कळत नाही आणि खाली गेलं की पाइप हवा ओढतो.

आता खरी टेस्ट. कुठलाही मेकॅनिक पंपाला पाना लावण्याआधी ही झालीच पाहिजे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, पेट्रोल पंपावरून ताजं डिझेल आणा. फीड पंपाला टाकीकडून येणारा पाइप काढून तिथे नवीन डिझेलचा होज लावा, त्याचं दुसरं टोक कॅनच्या तळाशी सोडा, रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच घ्या. टाकीकडच्या सुट्ट्या टोकाला बूच मारा. लाइनमध्ये अडकलेली हवा म्हणजे एअर काढा (कशी ते खाली सांगतो), कॅन नीट बांधा, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब, आणि माणूस बरोबर घेऊन गाडी लोड करून जवळच्या चढाला फिरवून आणा. कॅनवर गाडी मस्त ओढली तर पंप निर्दोष, दोष टाकीत किंवा टाकीच्या लाइनमध्ये, 25 हजार वाचले. कॅनवरही तशीच बसली तर मग फीड पंप, फिल्टर हाउसिंग आणि पुढे बघायचं. यात तासभर जातो, पण हीच टेस्ट करायचा लोकांना कंटाळा येतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

हवा कुठून येते हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फिल्टर आणि मेन पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाइप लावा आणि रेस देऊन बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ते जाऊ द्या. गरम झाल्यावरही साबुदाण्यासारखे बारीक बुडबुडे सतत वाहत असतील तर हवा आहेच. मग एक-एक जोड मागे सरकत तोच पाइप लावत टाकीकडे जा, जिथे बुडबुडे थांबतील तो जोड दोषी. टेस्ट झाली की तो पाइप काढून टाका, साधा प्लास्टिकचा पाइप डिझेलने कडक होऊन तडकतो, आणि अशाच पाइपला तार गुंडाळून कायमचा ठेवलेल्या गाड्या आपल्याकडे रस्त्यावर भरपूर आहेत. डिझेल ग्रेडचा होज आणि स्क्रूचा क्लिप, यात कंजूषी नको. जुन्या रबरी होजचं आतलं अस्तर कधीकधी सुटतं, बाहेरून पाइप एकदम चांगला दिसतो, पण जोरात ओढ लागली की अस्तर मिटून रस्ता बंद होतो, म्हणजे आयडलला ठीक आणि चढाला उपाशी. होज वीस-पंचवीस टक्के संशयित असला तरी बदलून टाका, पंपापुढे त्याची किंमत काहीच नाही.

तुमच्या गाडीत माझा अंदाज टाकीतल्या सक्शन पाइपचाच आहे. कारण फिल्टर लगेच चोक होतो म्हणजे टाकीत गंज किंवा गाळ आहे, आणि सकाळी हवा पकडते, दोन्ही मिळून गंजलेल्या पाइपकडे बोट जातं. आमच्याकडे एका गाडीचा हाच पाइप बाहेर काढला होता, वरच्या प्लेटला जिथे वेल्डिंग असतं त्याच्या खाली बोटभर अंतरावर टाचणीएवढं भोक, बोट दाबून तोंडाने ओढलं तर पाइप धरायचा आणि बोट उचललं की सुटायचा, आणि तळाच्या जाळीवर काळा चिकट थर, नखाने खरवडला तर शेवाळासारखा निघाला. डिझेलच्या खाली पाणी साचलं की त्या सीमेवर जंतू वाढतात, तो थर त्यांचा. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवली की दमट हवेतलं पाणी आत सुटतं, म्हणून घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी रात्री टाकी भरलेली ठेवावी. जुना काढलेला फिल्टर फेकला नसेल तर करवतीने कापून कागद उलगडा. लालसर भुकटी म्हणजे गंज, काळा चिकट म्हणजे हा थर.

टाकी उतरवून धुवायला लागली तर एक हात जोडून विनंती, तिला वेल्डिंग करायला घाईत कोणाकडेही नेऊ नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक, आत वाफ असते. रेडिएटर-टाकीचं काम करणारे वाफेने, पाण्याने नीट धुऊन मगच आग लावतात, त्यांच्याकडेच द्या.

जोडायच्या वेळी बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, त्यातूनच डिझेल जातं) कॉपर वॉशर नवीन टाका. नवीन मिळेना तर जुने लालभडक तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि परत बसतं, पण अॅल्युमिनियमच्या वॉशरला हे करू नका. फिल्टर बदलताना जुना ओ-रिंग हाउसिंगला चिकटून राहिला आणि त्यावर नवीन बसवला तरी हवा शिरते, तुमचे दोन फिल्टर बदलून झालेत म्हणून हे मुद्दाम तपासा. एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड पंप मारत राहा, आधी फेस येईल, मग सलग डिझेल, वाहत असतानाच स्क्रू आवळा, मग पंपावरचा. एवढ्याने सुरू झाली नाही तर नोजलकडचे नट ढिले करून स्टार्टर मारा. मात्र नोजल किंवा फुटलेल्या पाइपच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका, हे नोजल 200 बारच्या आसपास किंवा त्याहून वर उघडतात, डिझेल कातडी भेदून आत जातं, बाहेरून नुसता टाचणीचा ठिपका दिसतो पण सरळ हॉस्पिटल गाठावं लागतं. आणि हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाचं सांगतोय. नंतरच्या कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोजलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल मिळतं ती) इंजिन चालू असताना एकही पाइप ढिला करायचा नाही, तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं.

फीड पंप तपासताना इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलीय आणि डिझेलचा वास येतोय असं असेल तर फीड पंपाचा डायफ्राम किंवा सील गेलंय, मग गाडी चालवूच नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातील. इनलाइन पंप असेल, म्हणजे चारही पाइप एका ओळीत निघत असतील, तर रिटर्नचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्हही बघा, त्याची स्प्रिंग मऊ पडली की पंपात प्रेशर राहत नाही आणि पंप गेल्यासारखीच लक्षणं दिसतात. छोटा पार्ट आहे, नवीन लावून बघता येतो.

तुम्ही विचारलंय की नवीन डिझेलमुळे जुना पंप खराब होतो का, त्यात 2T (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल टाकू का. तुमची गाडी आली तेव्हाच्या बीएस 2 (भारत स्टेज, प्रदूषणाचा सरकारी निकष) डिझेलला गंधक 500 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत 500 भाग, चालायचं, 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस 6, म्हणजे 10 पीपीएम. पण वंगणाचा निकष डिझेलच्या भारतीय मानकातच आहे, त्यामुळे चांगल्या पेट्रोल पंपावरच्या डिझेलला वरून काही लागत नाही. गाडीच्या पंपाचं खरं नुकसान रॉकेलच्या भेसळीने आणि पाण्याने होतं. शंका आली तर पेट्रोल पंपावर डेन्सिटी (घनता) तपासून मागा, तुमचा हक्क आहे, 15 अंशाला आणलेली डेन्सिटी नोंदलेल्या आकड्यापेक्षा घनमीटरला 3 किलोपेक्षा जास्त इकडेतिकडे नको.

हे सगळं करून कॅनवरही गाडी बसलीच तर मग इंजिन आयडलला ठेवून एकेक नोजलचा नट ढिला करत जा, ज्याला आवाज बदलत नाही तो सिलिंडर आळशी. आधी फक्त नोजल काढून टेस्टरवर बघा, पंपाला हात लावू नका. नोजल चांगले निघाले तरच पंप, आणि तो सुद्धा टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच. आमच्याकडे अजूनही अशा दुकानवाल्याला मायकोवालाच म्हणतात, पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं तरी. पंपावरच्या प्लेटचा फोटो काढून ठेवा, त्या नंबरप्रमाणेच कॅलिब्रेशन करायला सांगा, प्रत्येक लाइनला किती डिझेल सुटतं त्याचा रिपोर्ट आणि बदललेले जुने एलिमेंट (पंपातले डिझेल दाबणारे भाग) परत मागा, आणि पंप बसवताना टायमिंगची खूण जुन्या जागी आली की नाही ते स्वतः उभं राहून बघा. कॅनची टेस्ट रविवारीच करून टाका आणि काय झालं ते लिहा, टाकी किती भरलेली होती तेही सांगा.