समुद्रकाठचा बंगला, दोन कुत्री आणि चार दिवसांची सुट्टी

प्रश्न : आमच्याकडे अकरा वर्षांची लॅब्रेडोर कुत्री आणि तीन वर्षांचा गावठी कुत्रा आहे. दोघांना घेऊन अलिबाग परिसरात चार दिवस बंगला घेऊन राहण्याचा विचार आहे. मागच्या वेळी मालकांनी फोनवर ‘कुत्री चालतील’ असे सांगितले आणि प्रत्यक्षात दोघांना मागच्या पडवीत बांधून ठेवायला लावले. त्या दोन रात्री ती रडत राहिली आणि आम्ही जागत राहिलो. या वेळी सर्वांनाच विश्रांती मिळावी म्हणून काय पाहावे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील त्या दोन रात्रींबद्दल वाचून वाईट वाटले. परक्या जागी, माणसांपासून तोडून बांधलेले कुत्रे रडणारच. त्यात त्यांचा हट्ट नव्हता. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी मालकांकडून तीन गोष्टी लेखी मागवा : कुत्री घरात, आपल्याच खोलीत झोपतील, आवाराला चारही बाजूंनी कुंपण आहे, आणि आवारात त्यांचे स्वतःचे कुत्रे किंवा कोंबड्या मोकळ्या नसतात. फाटकाखालच्या फटीचा फोटो आवर्जून मागा. गावठी कुत्र्याला वीतभर फट पुरते, आणि बाहेर किनाऱ्यावरच्या कुत्र्यांची हद्द सुरू होते.

आता तारखेविषयी. बहुतेक जण शनिवार-रविवार पाहून तारीख ठरवतात. आपण कुत्र्यांसाठी तिथी पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कोकणात भरतीचा एक जुना ढोबळ हिशेब आहे : पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी, नेमक्या फिरायच्या वेळी, पाणी वर आलेले असते आणि चालायला कोरड्या, भुसभुशीत वाळूची चिंचोळी पट्टी उरते. उलट अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ ओहोटी असते आणि दूरवर ओली, घट्ट, थंड पुळण उघडी पडते. आपल्या म्हाताऱ्या लॅब्रेडोरच्या सांध्यांना याहून चांगली जमीन मिळायची नाही. मात्र हे उधाणाचे दिवस असल्याने पाणी जितके दूर जाते तितक्याच वेगाने परतते; तेव्हा पाणी वळले की आपणही वळावे, आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पडताळून घ्यावी.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांपैकी घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, ब्लू बॉटल नावाचे निळे, डंख करणारे जीव किनाऱ्याला लागतात, आणि लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही वाढतो. उन्हाळ्यात दहानंतरची वाळू पाय भाजते. हाताची पाठ तिच्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याला त्यावर नेऊ नये.

प्रवास सोपा आहे. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह रो-रो बोटीने मांडवा सुमारे तासाभरात गाठता येते; कुत्र्यांसंबंधीचे नियम तिकीट काढतानाच विचारून घ्या. रस्त्याने जायचे तर 2024 पासून अटल सेतू आहेच. निघण्यापूर्वी तीन तास खायला देऊ नका, पाणी मात्र थोडे थोडे देत राहा.

किनाऱ्यावर मला सर्वाधिक काळजी वाटते ती दोन गोष्टींची. पहिली, खारे पाणी. माझ्या पहिल्या कुत्रीने चेंडू पकडता पकडता इतके पाणी पोटात घेतले, की रात्रभर तिला उलट्या आणि जुलाब होत राहिले. तेव्हापासून गोड्या पाण्याची बाटली आणि वाटी घेतल्याशिवाय मी वाळूवर पाऊल ठेवत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी दाखवावे. जास्त खारे पाणी पोटात गेल्यास रक्तातील मीठ वाढून कुत्रे डळमळू लागते, झटकेही येतात. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट पशुवैद्याकडे जावे. दुसरी गोष्ट, जाळ्यातून टाकून दिलेली मासळी. तिच्यात केंड असू शकतो, तोच फुगणारा, काटेरी मासा. त्याचे विष उन्हात वाळूनही जात नाही. आपला गावठी कुत्रा वास काढत पुढे पळणारा असेल, तर लांब दोरी बांधलेलीच ठेवा.

बंगल्यातही थोडे लक्ष हवे. गुळगुळीत फरशीवर म्हातारी कुत्री घसरते, म्हणून घरची सतरंजी न्या. तिला त्यावर घरचा वासही मिळेल. जांभ्याच्या गडग्यांच्या सांदीत आणि पडलेल्या झावळ्यांखाली फुरसे हा विषारी साप असू शकतो. तो रात्री बाहेर पडतो, म्हणून अंधारात कुत्र्यांना मोकळे सोडू नये, हातात विजेरी असावी. दंश झालाच तर दोरी आवळू नये, जखम कापू नये, कुत्र्याला चालवू नये. उचलून गाडीत घालावे. अलिबागमधील पशुवैद्याचा क्रमांक निघण्याआधीच टिपून ठेवा आणि सर्पदंशाचे औषध त्यांच्याकडे असते का, हेही तेव्हाच विचारा.

किनाऱ्यावरून परतल्यावर दोघांनाही गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, लॅब्रेडोरचे कान कोरडे करावेत आणि गोचीड तपासावी. जेवणाच्या वेळा मात्र घरच्याच ठेवा. कुत्र्याला सुट्टी कळत नाही, वेळ कळते, आणि वेळ पाळली की ती दुपारी आपणहून सतरंजीवर आडवी होतात.

अलिबागला आल्यावर समोरच्या समुद्रातील कुलाबा किल्ला पाहावासा वाटेलच. ओहोटीला तेथे चालत जाता येते, पण परक्या घरात कुत्र्यांना एकटे कोंडून सर्वांनी एकदम जाऊ नये. एका सकाळी निम्म्यांनी किल्ला पाहावा आणि निम्म्यांनी ओसरीवर चहा घेत कुत्र्यांजवळ बसावे. दुसऱ्या सकाळी उलट करावे. ओहोटी दुसऱ्या दिवशी साधारण पाऊण तास उशिरा येते, एवढे ध्यानात ठेवून निघावे.