तुझ्या फायरमनला आधी नाही म्हणू दे

प्रिय मित्रा,

तुझ्या कथेचे तिन्ही चॅप्टर काल एका बैठकीत वाचून काढले, मजा आली. १८८४ ची मुंबई, गिरण्यांच्या धुराड्यांवरून जाणारं वाफेचं हवाई जहाज, सगळं डोळ्यासमोर आलं. पण तुझा फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, तिसऱ्या चॅप्टरमध्ये कोळशाच्या ढिगावर चढून भाषण ठोकतो आणि दोनशे माणसं लगेच त्याच्या मागे निघतात ना, तिथे मी अडकलो. कालपर्यंत मुकादमासमोर मान खाली घालणारा माणूस एका पानात पुढारी होत नाही रे.

आधी हे ठरव की पुढारी व्हायला तो नाही का म्हणतो. "मी साधा माणूस" एवढं पुरत नाही. खाडा पडला की पगार कापणार, गावी पैसे पाठवायचेत, आणि ज्या मुकादमाविरुद्ध उभं राहायचं त्यानेच त्याला कामाला लावलंय. गिरण्यांमधे भरती मुकादमच करायचे, बऱ्याचदा आपल्याच गावची, नात्यातली माणसं आणायचे, म्हणजे मुकादमाशी वैर घेतलं की गावातही तोंड दाखवायची पंचाईत. हे वाचकाला कळलं की त्याच्या नकाराला वजन येतं, मग तू त्याला कितीही वेळ गप्प बसव, चालेल.

आणि तो पुढे येतो कधी, तर जे त्याला कळतं ते तिथे दुसऱ्या कुणालाच कळत नसतं तेव्हा. त्याला आधी मुंबई-पुणे रेल्वेच्या भोर घाटात इंजिनावर काम केलेला दाखव. त्या घाटातली रेल्वे १८६३ मधे सुरू झाली, चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. इंजिन तोंड वर करून चढत असताना बॉयलरमधलं पाणी मागे सरकतं, फायरमनच्या समोरची पाण्याची पातळी दाखवणारी काच भरलेली दिसते, पाणी खरं तर कमी असतं. माथा ओलांडून उताराला लागलं की तेच पाणी पुढे पळतं, भट्टीवरचा पत्रा उघडा पडतो, तापतो, आणि मग बॉयलर फुटू शकतो. आता हेच तुझ्या जहाजात आण. कॅप्टन काच बघून म्हणतो पाणी भरपूर आहे, नाक खाली घ्या. तुझा माणूस नको म्हणून ओरडतो. बास, एवढंच, भाषण नको, आयुष्यात पहिल्यांदा त्याने वरच्या माणसाचा हुकूम मोडलाय आणि हात थरथरतायत. पुढच्या वेळी काही बिनसलं की बाकीचे आपोआप त्याच्याकडे बघतील, आणि तेच त्याला नकोसं होईल.

तुझं जहाज सगळीकडे हवं तसं फिरतं, त्यालाही जरा लगाम घाल. फ्रान्समधे आंरी जिफार्डने १८५२ मधे खरोखर वाफेवरचं हवाई जहाज उडवलं होतं, इंजिन ३ हॉर्सपॉवरचं, साधारण २७ किलोमीटर गेला, पण वाऱ्याविरुद्ध परत यायला ताकद पुरली नाही. परत न येऊ शकणारं जहाज आणि त्यात बसलेली घाबरलेली माणसं, अजून काय पाहिजे अॅडव्हेंचरला!

एक अजून, मला हे फार मनापासून वाटतं. तुझे कामगार थेट साम्राज्य उलथवायला निघतात. त्याच वर्षी, १८८४ मधे, नारायण मेघाजी लोखंड्यांनी, जे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला होता, त्यात काय मागितलं होतं बघ, रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडला. सहा वर्षं! अर्ध्या तासासाठी माणसं सही करायला किती घाबरली असतील, अंगठा उठवताना कुणाकडे बघितलं असेल, तो सीन मला तुझ्या कथेत वाचायचाय.

तिसरा चॅप्टर परत लिही, भाषण काढून टाक. आणि त्याच्या बायकोला त्या रात्री जेवताना काहीतरी बोलू दे, सध्या ती नुसती वाढते.