कापलेल्या पट्टीवर नाव नसतं

गरोदरपणातल्या गोळ्यांबद्दलचे प्रश्न पावसाळ्यात वाढतात. यावेळचे चार.

प्रश्न: चोविसावा आठवडा चालू आहे. कंबर इतकी धरली की घरात पडलेली अंगदुखीची गोळी काल घेतली. सासूबाई म्हणतात तापाचीच आहे, काही होत नाही. फोटो पाठवतेय. (फोंडा)

एका गोळीने घाबरू नका. पण दुसरी घेऊ नका, आणि डॉक्टरांना आजच फोन करून सांगा.

फोटोत पट्टीचा कोपरा आहे, त्यावर ‘प्रोफेन ४००’ एवढंच वाचता येतं. ही चूक आम्हा फार्मसीवाल्यांची. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि नाव उरलेल्या सहांवर राहतं. ही बहुधा आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमची जोडगोळी असावी. म्हणजे सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. नडते ती दुसरी अर्धी.

विसाव्या आठवड्यानंतर बाळाभोवतीचं पाणी मुख्यतः बाळाच्याच लघवीचं असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही मंडळी बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतात आणि पाणी कमी होऊ शकतं. शेवटच्या तिमाहीत आणखी एक धोका येतो: बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी पोटातच आकसू शकते. म्हणून या काळात ही औषधं डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय नकोत. अपवाद कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनचा. रक्तदाबाचा धोका असलेल्यांना ती मुद्दाम देतात. माझं हे उत्तर वाचून ती बंद करू नका.

कंबरेला गरम पाण्याची पिशवी, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. तरी राहवलं नाही तर नुसती पॅरासिटामॉल ५००, दोन गोळ्यांमध्ये सहा तास. दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर तपासून घ्या. दुखणं लाटेसारखं येत-जात असेल, लघवीला जळजळत असेल किंवा अंगावरून जात असेल, तर गोळीच्या नादी न लागता थेट हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: पॅरासिटामॉलने बाळाला ऑटिझम होतो असा मेसेज फिरतोय. ताप अंगावर काढू का? (म्हापसा)

नको. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकी सरकारने तसं बोलून दाखवलं, तिथून ही गडबड. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच सांगितलं, असा संबंध ठामपणे दिसलेला नाही. त्याआधी २०२४मध्ये स्वीडनमधल्या सुमारे २४ लाख मुलांचा अभ्यास आला होता. सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर पॅरासिटामॉलचा संबंध उरला नाही. पहिल्या महिन्यांत चढलेला ताप मात्र बाळाला खरोखर बाधू शकतो. गरजेपुरती, कमीत कमी दिवस घ्या. सर्दीच्या गोळीतही बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं, तेवढं बघा. दोन्ही एकदम घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते.

प्रश्न: दिवस गेल्याचं कळलं तशी थायरॉइडची गोळी बंद केली. बरोबर केलं ना? (डिचोली)

नाही हो! काउंटरवर मला सगळ्यात जास्त धास्ती याच बातमीची वाटते. पहिले तीनेक महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नाही, ते तुमच्यावरच अवलंबून असतं. अशा वेळी मात्रा बंद करायची नसते. बहुतेकींना ती वाढवावी लागते. आजच डॉक्टरांशी बोलून गोळी सुरू करा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. ती उपाशीपोटी घ्यायची. लोह आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, तीही एकमेकांपासून वेगळ्या वेळी, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर अजिबात नाही. फिट्सच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच: काही खरोखर बदलाव्या लागतात, पण बदलायच्या डॉक्टरांनी.

प्रश्न: बायकोला आठवा महिना. भाताच्या लावणीनंतर घरात सगळ्यांना ताप आला, आता तिलाही. आमच्याच गोळ्या तिला देऊ? (सत्तरी)

देऊ नका. लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) शेतात उतरणाऱ्यांना देतात ती डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला सहसा देत नाहीत, बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो. तिच्यासाठी वेगळी अँटिबायोटिक्स आहेत. डेंग्यू असेल तर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल द्या, पेज पाजा आणि आजच रक्त तपासायला न्या. निघताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत टाका, कापलेल्या पट्ट्यासुद्धा.