अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पुल-टॅबच्या (पट्ट्या उघडून बक्षीस लागलं का पाहायच्या जुगारी तिकिटांच्या) नफ्यातून अग्निशमन दलाच्या पेन्शनसाठी शहराला देणगी देता येते का?

नाही. मिनेसोटाच्या कायद्यात (कलम 349.12, उपकलम 25) हे स्पष्ट वगळलंय: पैसा पेन्शन किंवा निवृत्ती निधीत जाणार हे माहीत असताना अशा जुगाराचा परवाना असलेल्या संस्थेनं शहर, काउंटी वा टाउनला दिलेली देणगी ‘कायदेशीर उद्देश’ (जुगाराचा नफा ज्यासाठी देता येतो असं काम) ठरत नाही. सगळी मेख ‘माहीत असताना’ या शब्दांत आहे. संस्थेच्या सभेच्या इतिवृत्तात ‘जवानांच्या पेन्शनसाठी’ असं लिहिलंत, की माहीत होतं हे तुम्हीच लेखी दिलंत. मग चेक नुसता शहराच्या नावानं काढून सुटका होत नाही.

त्याच दलासाठी बंब, होज, श्वसनयंत्रं घ्यायला शहराला देणगी मात्र चालते, आणि ती जरूर द्या. आधी पैसा कशावर खर्च होणार याचं पत्र शहराकडून घ्या. पत्रात नुसतं ‘अग्निशमन दलासाठी’ असेल तर वस्तूंची नावं घालून मागा. मग सदस्यांच्या सभेत रक्कम आणि हेतू मंजूर करून नोंदवा, आणि पैसे जुगाराच्या स्वतंत्र बँक खात्यातूनच द्या.

पोलीस खात्याला थेट देणगीही याच उपकलमानुसार चालत नाही.