ओरिजिनॅलिटीत 1 मार्क

मागच्या जुलैत सहावीतल्या एका मुलीची आई आली, बसायच्या आधीच रिपोर्ट माझ्या टेबलावर. कुठल्याशा क्लासने क्रिएटिव्हिटी टेस्ट घेतलेली आणि ओरिजिनॅलिटीपुढे 1. "मॅडम, हिला स्वतःचं काही सुचतच नाही का हो? दिवसभर चित्रं काढते, मला वाटायचं..." पुढे बोलवेना त्यांना. असे रिपोर्ट घेऊन बरेच पालक येतात म्हणून लिहितेय, ओळख कळू नये इतपत बदल करून.

म्हटलं ताई, आकडा राहू दे, उत्तरपत्रिका आहे का? होती, नशीब. प्रश्न तोच, विटेचे वेगवेगळे उपयोग सांगा, अमेरिकेत गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञापासून चालत आलेला. बाकीची पोरं 12-15 उपयोग खरडून मोकळी, हिची पाचच उत्तरं, कारण ही प्रत्येकाशेजारी चित्र काढत बसलेली (चित्राला मार्क नव्हते!).

आता ही ओरिजिनॅलिटी मोजतात कशी हे पालकांना कुणी सांगतच नाही. उत्तर किती भारी आहे ते नाही, अजून किती जणांनी तेच दिलंय ते बघतात. टॉरन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या 1966 च्या क्रिएटिव्हिटी टेस्टमध्ये नेहमीच्या उत्तरांची यादी असते, त्यात आलं की शून्य. वॅलक आणि कोगन हे दोघे संशोधक 1965 मध्ये त्याहून कडक, अख्ख्या गटात एकट्यानेच दिलेलं उत्तर तेवढंच धरायचं. म्हणजे गट बदलला की मार्क बदलले! आणि पंधरा उत्तरं लिहिणाऱ्याचं एखादं तरी वेगळं निघतंच, त्यामुळे कमी लिहिणारं पोर तिथेच मागे पडतं. मी स्वतः सुरुवातीला हे आकडे पालकांना जसेच्या तसे वाचून दाखवलेत, आता आठवलं की लाज वाटते.

हिचं तिसरं उत्तर होतं "विठोबाला उभं राहायला". मी हसलेच. पण त्याला शून्य. क्लासला फोन केला तर कळलं की यादीबिदी काही नाही, त्याच बॅचवर मोजलंय, 24 पैकी 3 पोरांनी विठोबा लिहिला म्हणून तो कॉमन. टेस्ट आषाढीच्या आठवड्यात घेतलीत तर दुसरं काय होणार! अमेरिकेतल्या पोरांवरून केलेल्या यादीत विठोबा कुठून असणार, तिथे हेच उत्तर दुर्मिळ ठरलं असतं.

पुढच्या वेळी तिला एकटीला बसवलं, घड्याळ नाही, आणि भरपूर सांग म्हणण्याऐवजी म्हटलं दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असं सांग. नुसत्या एवढ्या सूचनेनेही फरक पडतो. बराच वेळ गप्प, मग म्हणाली, आजीची टाच दुखते ना, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची. मग म्हणे कुटून रांगोळीत लाल रंग भरायचा.

आईला सांगितलं, या एका आकड्यावरून तिचा ड्रॉइंगचा क्लास बंद करू नका (त्या करणारच होत्या). फॉलोअपला महिन्याने बोलवलंय.

दारातून पोरगी वळली, "मॅडम, मग विठोबाचा मार्क मिळणार का?"